तिसरं बोलावणं

मनुष्य एकाच वेळी अनेक समाजांचा सभासद असतो, आणि वाणी हा त्या सर्व समाजांना जोडणारा सुवर्णसेतू होय. हे वाक्य माझं आहे. आष्टीला आमचं एक सुधारक मंडळ होतं, तिथं मी ते उभं राहून म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मंडळात एकूण पाच माणसं होती. टाळ्या चौघांनी वाजवल्या, कारण पाचवा मी बोलत होतो. पुढे वर्षाच्या आतच एका समाजाची रीत मी दुसऱ्या समाजात नेली आणि त्यापायी माझ्या वडिलांची शेवटची इच्छा राहून गेली. म्हणून त्या सेतूविषयी थोडं लिहून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं. मी आष्टीच्या तहसील कचेरीत अहलकार होतो, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दूत मिसली, म्हणजे कामाचे कागद, लिहायच्या आणि एका रुमालातून दुसऱ्या रुमालात बांधायच्या. कचेरीत कुणी कुणाला सरळ ‘नाही’ म्हणत नसे. आमचे वरिष्ठ, सरिश्तेदार साहेब, एखाद्या अर्जदाराला ‘गौर किया जाएगा’ म्हणाले की मी तो अर्ज खालच्या कप्प्यात ठेवी. असं करायला त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पहिल्या महिन्यातच ते कळलं. वरिष्ठ गप्प बसले की त्यांचा होकार समजायचा, हेही तेव्हाच कळलं. या दोन गोष्टींवर माणसाची सारी नोकरी निघत असे.

संध्याकाळी मंडळ भरे. मास्तर, वकील, टपालबाबू, एक कापडवाले आणि मी. नगरकडून येणारं वर्तमानपत्र चार-पाच दिवसांनी हाती पडे. एकानं ते मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी देशस्थितीवर माना हलवायच्या, आणि मग ठराव करायचे. ठरावांची वही कापडी बांधणीची होती. तिथं आम्ही जी मराठी बोलत असू ती आमच्यापैकी एकाच्याही घरी बोलली जात नव्हती. ‘तस्मात्’, ‘अनिष्ट रूढी’, ‘कालाचा अपव्यय’. असे शब्द तोंडात आले की माणसाला आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

कालाच्या अपव्ययाचा ठराव मीच मांडला होता. आमच्याकडे खेड्यात जेवणाचं बोलावणं तीनदा करतात. पहिलं आवतन एक-दोन दिवस आधी न्हावी घरोघर देतो. दुसरं त्याच दिवशी सकाळी, आठवण म्हणून. तिसरं पत्रावळी मांडल्यावर, ‘पानं पडली, चला’ असं. तिसरं येईपर्यंत माणूस पंगतीला न्यायचा पाण्याचा तांब्या भरून घरीच बसतो, उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. त्याआधी गेला तो हावरा ठरतो. ज्याला बोलावणं तर भाग आहे, पण तो आलेला नको आहे, अशा माणसाला पहिलं आवतन देतात आणि तिसरं देत नाहीत. त्यालाही ते कळतं, गावालाही कळतं, आणि तोंडातून वाईट शब्द कुणाच्याच जात नाही. मी ठरावात लिहिलं की एकवार दिलेलं लेखी आमंत्रण पूर्ण समजावं, पुनःपुन्हा बोलावणं ही अनिष्ट रूढी होय. ठराव एकमतानं पास झाला. तोवर आम्हा पाचांपैकी कुणी कुणाला जेवायला बोलावलं नव्हतं.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी मी तट्टावरून गावी जायचो. गाव आष्टीपासून चार कोस. घरात माझी बायको, वर्षाचा मुलगा आणि वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. घराकडे पाटीलकी होती. आबा थोरले आणि काका धाकटे. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत, गोठे समोरासमोर आणि मोटेची विहीर एकच. पोळ्याच्या दिवशी वेशीतलं तोरण पाटलाच्या बैलांनी सगळ्यांच्या आधी ओलांडायचं, असा मान होता. एका पोळ्याला आबा तापानं आडवे होते, म्हणून काकांनी आपली जोडी पुढे काढली. पुढच्या पोळ्याला आबा बरे होते, पण काकांनी जोडी मागे घेतली नाही. वेशीत दोघांची बाचाबाची झाली आणि वाजंत्री थांबली. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. बैलांनी या वादात कधी मत दिलं नाही. त्यांना वाजंत्रीची भीती वाटे आणि तोरणाखालून त्यांना मागून ढकलावं लागे.

पण विहीर एक असल्यावर अबोला परवडत नाही. त्याला दोघांनी एक तोड काढली. ते बैलांशी बोलत.

आबा गोठ्यात उभे राहून म्हणायचे, “बैला, पानी लई खाली गेलंय. उद्या कोवळ्या उन्हातच मोट जुपू आपुन.”

समोरच्या गोठ्यात काका वैरण टाकत असायचे. ते आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारत. “आपल्याला काय घाई न्हाई गड्या. आपुन दुपारच्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मोट चाले आणि दुपारी त्यांची. अकरा वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही. आमच्या कचेरीचा जिल्ह्याशी जो पत्रव्यवहार चाले, त्यात आठवड्याला दोन घोटाळे होत.

या बोलण्यात नुसता व्यवहार नसायचा. आबांना दमा जडला त्या हिवाळ्यात मी स्वतः ऐकलं. काका बैलाला सांगत होते, “समोरचं लई खोकायलंय बे. कावून खोकतंय येवढं? आडुळसा हाय की आपल्या बांधाला.” दुसऱ्या दिवशी आमच्या चुलीवर अडुळशाचा काढा उकळत होता. पाला कुणी आणला, हे घरात कुणी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात, माघात, मुलाचं जावळ काढायचं ठरलं. आबा तेव्हा बाजेवर बसूनच झोपत. आडवं झालं की श्वास लागे. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“पंगतीत माज्या डाव्या अंगाला एक पाट रिकामा ठिव.”

“कुणासाठी?”

आबांनी हातानं भिंतीकडे खूण केली. मग म्हणाले, “हे भांडन आता या लेकराच्या गळ्यात नगं. तुज्या काकाला बोलव.”

हे सांगायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. मी होय म्हणालो. मला आनंद झाला, आणि लगेच ठराव आठवला.

मी बाळबोध अक्षरात रुक्के लिहिले. सुबक कागद, वर मंगल वचन, खाली ‘ठीक दुपारी बारा वाजता पंगत बसेल, हेच आमंत्रण पूर्ण समजावं.’ न्हाव्याच्या हाती ते देऊन सांगितलं, “नुसते हातात द्यायचे. तोंडानं काही सांगायचं नाही.”

न्हाव्यानं गठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. “माज्या बाच्या बापापसनं आमी तोंडानंच सांगतावं. आता कागूद बोलनार का धनी?”

“बोलेल.”

“बोलू द्या मंग. माजी तंगडतोड वाचली.”

काकांना अक्षरओळख नव्हती. ते रुक्का घेऊन चावडीवर गेले, त्यांनी तो कुळकर्ण्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घातली आणि पटक्यात खोवला. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी ते बैलाला म्हणाले, “थोरल्याच्या घरचा सांगावा आलाय बे. कागदावर आलाय.” हे आबांनी आपल्या बाजेवरून ऐकलं. त्या रात्री त्यांनी भाकरी पुरी खाल्ली.

कचेरीत सरिश्तेदार साहेबांना मी आर्जवानं बोलावलं. ते म्हणाले, “जरूर, जरूर, इन्शाल्ला, क्यूँ नहीं.” एवढे शब्द मिळाल्यावर मी त्यांचं पान धरलंच नाही. कचेरीतली भाषा मला चांगली येत होती.

जावळाच्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, “धाकट्याकडं पुन्यांदा कुनी गेलतं का?”

“रुक्का दिलाय ना, आबा. त्यात सगळं लिहिलंय. आता नवी रीत हीच. ज्याला यायचं तो एका बोलावण्यात येतो.”

आबांनी अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, “तुजं तुला ठावं. शिकलेला हायस.”

आमच्या घरात ‘तुजं तुला ठावं’ म्हणजे ‘हे करू नकोस’. आई होती तेव्हा तिला ते ठाऊक होतं. बायकोलाही लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं होतं. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी सात वर्षं कचेरीत काढली होती. वरिष्ठांनी हरकत घेतली नाही, असं समजून मी कामाला लागलो.

मंडळाचे चौघं सकाळीच टांग्यानं आले. बारा वाजले हे माझ्या खिशातल्या घड्याळानं सांगितलं. त्या गावात ते एकच घड्याळ होतं. मुलगा मामाच्या मांडीवर बसून रडत होता आणि न्हावी जावळ काढून वस्तरा पुसत होता. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. न्हावी उठून माझ्याजवळ आला.

“पानं पडली धनी. हाका मारून येऊ का?”

“गरज नाही.”

“बरं. तुमी कचेरीतले.” तो वस्तरा धोकटीत ठेवून अंगणात उकिडवा बसला. त्यालाही कुणी जेवायला हाक मारली नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गावातलं कुणी आलं नाही. बायकोच्या माहेरचे पाच-सहा जण आणि मंडळ, एवढ्यांचीच पंगत बसली. आबांना धरून पाटावर बसवलं. डाव्या अंगाला रिकामा पाट, पुढे वाढलेलं पान. पुरणपोळी, गुळवणी, भात. आबा दाराकडे पाहत होते. वकील जेवता जेवता म्हणाले की ठरावाची अंमलबजावणी झालेली पाहून कृतार्थ वाटतं. मास्तरांनी ‘तस्मात्’ म्हणून सुरुवात केली, पण त्यांच्या पानात पोळी पडली.

बायकोनं मला मागच्या दाराशी बोलावलं.

“अवो, काकी भितीपलीकडं कोंबडीशी बोलायल्यात.”

भिंतीवरून ऐकू येतच होतं. “खुडूक बसलीस ग बाई दारात. न्हाऊन धुऊन बसलीस. बोलवनं आल्याबिगर कोन उठतंय, बस आपली.”

“काका पटका बांधून वट्यावर बसल्यात,” बायको म्हणाली. “हातात पान्याचा तांब्या हाय. सकाळपसनं काई खाल्लं न्हाई त्यांनी. एक हाक मारून या. तुमी जा, न्हाईतर न्हाव्याला धाडा.”

“रुक्क्यात वेळ लिहिली आहे.”

“त्यांच्याकडं घड्याळ हाय का?”

माझ्या हातात तुपाची वाटी होती. आत वकिलांच्या पोळीवर तूप वाढायचं होतं. आपण पुण्यामुंबईपर्यंत पोचेल असं काही करतो आहोत आणि घरातली माणसं कोंबडीचं बोलणं मध्ये आणतात, याचा मला राग आला. “येतील,” असं म्हणून मी आत गेलो. काकांच्या ओट्यापर्यंत वीस पावलं होती. पुढे कितीदा तरी मी ती मोजली आहेत.

आबांनी दोन घास खाल्ले. “ते पान झाकून ठिव,” म्हणाले आणि बाजेवर गेले.

मंडळी ऊन उतरल्यावर आष्टीला परतली. टांगा दिसेनासा झाल्यावर मला एकदम घर फार शांत वाटलं. मी काकांकडे गेलो. ओट्यावर तांब्या होता, पाण्यानं भरलेला. काका गोठ्यात होते. पटका खुंटीला होता आणि त्यात माझा रुक्का तसाच खोवलेला होता.

“काका, चला. आबा वाट बघतायत. पान झाकून ठेवलंय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कडब्याची पेंढी सोडली. “आपल्याला कुनी हाक मारली न्हाई गड्या,” ते बैलाला म्हणाले. “आवतन दिलं न् हाक मारली न्हाई. कळलं आपल्याला. खा. आपल्याकडं कडबा हाय.”

“माझी चूक झाली, काका. आबांची नाही. मीच न्हाव्याला नको म्हणालो.”

“लेखी आलतं,” काका बैलालाच म्हणाले. “साऱ्या चावडीनं ऐकलंय.”

त्याचा अर्थ मला तिथं उभ्या उभ्या कळला. अकरा वर्षांचं भांडण त्या दोघांनी दोन गोठ्यांच्या मध्ये ठेवलं होतं. मी त्याला चावडीवर नेऊन बसवलं होतं. आता साऱ्या गावादेखत झालेला अपमान काकांना गिळून टाकता येत नव्हता.

घरी आलो तर आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते मला रागावले नाहीत. बायकोला म्हणाले, “बैलास्नी पानी दावलं का बघ.” त्या दिवसानंतर ते माझ्याशी बोलले ते असंच, तिच्यामार्फत. हे बोलणं मला समजत होतं.

पुढच्या दोन महिन्यांत मी आठ-दहा वेळा काकांकडे गेलो. एकदा बायको गेली. काकी म्हणाल्या, “असं कसं यावं बाई? काई निमित्त तर पायजे.” ते खरं होतं. आमच्यात माणूस रुसवा काढायला जात नाही, जेवायला जातो, आणि रुसवा तिथं आपोआप निघतो. त्यासाठी लग्न, बारसं, जावळ असं काहीतरी असावं लागतं. आमच्या घरात पाडव्यापर्यंत काही नव्हतं. मी एक सत्यनारायण काढायचं म्हटलं, तर आबांनी बायकोकडून निरोप दिला की देवाला मधी घालू नगं.

आबांचा दम वाढत गेला. गोठ्यात उभं राहणं बंद झालं, मग बैलांशी बोलणंही बंद झालं. काका संध्याकाळी आपल्या गोठ्यात जरा जास्त वेळ थांबत. विहिरीबद्दल काहीबाही बोलत, आणि थांबत. आमच्या बाजूनं उत्तर जात नसे. एकदा मी आमच्या बैलाजवळ उभा राहून म्हणालो, “बैला, उद्या सकाळी मोट आपली.” समोर काका आत निघून गेले. त्या बोलण्यात मला जागा नव्हती. ते दोघांचंच होतं.

चैत्रात एका सकाळी आबा गेले. मी घरीच होतो, शुक्रवार होता. बायकोच्या रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असेल. मरणाच्या घरी कुणी बोलावत नाही आणि कुणी बोलावण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे गावातून सगळ्यांत आधी काका आले. डोकं उघडं, पायात काही नाही. ते आबांच्या पायांशी थोडा वेळ बसले, मग उठून आमच्या गोठ्यात गेले. त्या गोठ्यात अकरा वर्षांत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आबांच्या दोन्ही बैलांच्या मध्ये उभे राहून ते म्हणाले, “तुमचा धनी गेला रं.”

नंतर काही वेळ ते तिथंच थांबले, उत्तराची वाट पाहावी तसे. मग येऊन तिरडी बांधू लागले.

मंडळानं दुखवट्याचा ठराव केला आणि त्याची नक्कल मला टपालानं आली. टपालबाबूंनी स्वतः शिक्का मारला होता. सरिश्तेदार साहेबांनी मात्र शिपायाला चार कोस पायी पाठवून तोंडी कळवलं की रजेचा अर्ज नंतर दिला तरी चालेल. त्यांच्याकडून असं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि शिपायाला दोनदा विचारून घेतलं.

तेराव्याचं जेवण होतं. आदल्या दिवशी न्हाव्याबरोबर मी स्वतः गावभर फिरलो आणि प्रत्येक दारात तोंडानं आवतन दिलं. काकांच्या दारातही दिलं. ते गोठ्याकडे बघून बैलाला “बरं” म्हणाले. सकाळी पुन्हा गेलो. काका दाढी करून घेत होते. न्हाव्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वस्तरा चालवला. ऊन डोक्यावर आलं, पत्रावळी मांडल्या, तेव्हा न्हावी उठायच्या आत मी निघालो. वीस पावलं. काका ओट्यावर पटका बांधून बसले होते, हातात तांब्या.

“काका, पानं पडली. चला.”

“व्हय, येतो,” ते म्हणाले. साडेअकरा वर्षांत आमच्या घराला त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.

पंगतीत त्यांना बसवलं. उजव्या अंगाला मी एक पाट रिकामा ठेवला होता. त्यांनी तो पाहिला, थोडं डावीकडे सरकून त्याला जागा करून दिली आणि बसले. पंगत जेवू लागली. मला वाटत होतं की आता काका काहीतरी बोलतील, आणि ते काहीही असलं तरी ऐकून घ्यायचं मी ठरवलं होतं. त्यांनी खीर खाल्ली, भात कालवला, दोन घास घेतले आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आमटीत मीठ कमी आहे, असं ते म्हणाले. पाहुणा असं कधी सांगत नाही. मी चाखून पाहिली. कमी होतं.